स्कूटरला देशभर मुभा, सिस्टरला नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१२ मेच्या आपल्या अंकातलं परिचारिका दिनाचं पान भावाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. वर फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा, खाली नर्सच्या रिकाम्या जागांचं रडगाणं. पान आलं तेव्हा मी क्वार्टरच्या व्हरांड्यात टर्पेंटाइनचा बोळा घेऊन ट्रंक पुसत बसले होते. आमची पुन्हा बदली झाली आहे. मी स्वतः नर्स आहे, २००८ ची जीएनएम (नर्सिंगची पदविका). म्हटलं, हात बरबटलेच आहेत तर पत्रही लिहून टाकू.

आधी ट्रंकेचं सांगते, कारण फौजेबाहेरच्या लोकांना बदली म्हणजे दोन माणसं आणि एक टेम्पो वाटतो. आमच्या ट्रंका काळ्या. झाकणावर पांढऱ्या ऑइल पेंटने ह्यांचा नंबर, रँक, नाव आणि युनिट. दर मूव्हला जुन्या ओळी निघतील तेवढ्या काढायच्या, वर काळा हात मारायचा, वाळला की नव्या ओळी. मोठ्या ट्रंकेवर सकाळचं तिरपं ऊन पडलं की खालची अक्षरं फुगीर दिसायला लागतात. 'हवालदार'च्या पोटात 'नायक' आहे आणि त्याच्याही खाली काहीतरी आहे, बहुधा 'लान्स नायक'. धाकटा बोटाने चाचपून वाचतो आणि विचारतो, तेव्हा मी होतो का?

सामानाची आम्हाला सवय झाली आहे. कुठल्या पेटीत काय, हे वहीत नंबरवार लिहिलेलं असतं. रेल्वेचं वॉरंट कुठे मिळतं, स्टेशनवर एमसीओचं (फौजींच्या प्रवासाची सोय बघणारं) ऑफिस कुठल्या टोकाला असतं, हे मी झोपेतही सांगेन. खर्चाला ट्रान्सफर ग्रँट मिळते. मार्च-आउटच्या, म्हणजे क्वार्टर सोडायच्या, दिवशी एमईएसचा (फौजेच्या बांधकाम खात्याचा) माणूस यादी घेऊन येतो, नळ फिरवून बघतो, बल्ब मोजतो, खिडकीच्या तडकलेल्या काचेसमोर उभा राहून 'बॅरॅक डॅमेज' लिहितो, तेव्हा वाद घालायचा नसतो हेही मी शिकले. (पहिल्यांदा घातला होता. काच आम्ही यायच्या आधीच तडकलेली होती, पण मार्च-इनच्या कागदावर आम्ही ती नीट बघितली नव्हती. पैसे भरले.) सामान पोहोचतं. मोडतं, हरवतं, पण पोहोचतं. पोहोचत नाही तो माझा कागद.

नर्सचं रजिस्ट्रेशन राज्यापुरतं असतं. महाराष्ट्रात नोंद झालेल्या नर्सला दुसऱ्या राज्यात काम करायचं तर तिथल्या नर्सिंग परिषदेत नव्याने नोंद करावी लागते. त्यासाठी मूळ राज्याकडून एनओसी आणि पडताळणी. हे कागद बहुतेक वेळा आपल्या हातात मिळत नाहीत, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जातात. मध्ये आपण बसायचं. फौजीची बायको तीन वर्षांसाठी एका गावात येते, आणि त्या तीन वर्षांच्या घड्याळात हे बसणंही मोजलं जातं.

आम्ही कुठे होतो आणि आता कुठे चाललो, ती नावं मी लिहिणार नाही. फौजीच्या बायकोने पेपरात ते लिहायचं नसतं. शिवाय माझं भांडण कुठल्या एका राज्याशी किंवा हॉस्पिटलशी नाही.

पहिलं पीस स्टेशन, म्हणजे जिथे कुटुंब नेता येतं असं ठाणं, २०१३ चं. तोवर हे फील्डला होते आणि मी सातारा जिल्ह्यात, सासरपासून बसने पाऊण तासावरच्या खासगी हॉस्पिटलात ड्यूटी करत होते. पीसला क्वार्टर मिळालं, मोठी अजून कडेवरच होती. गावातल्या हॉस्पिटलात जाऊन उभी राहिले. सर्टिफिकेटं बघून इन्चार्ज सिस्टर खूश झाल्या आणि मग म्हणाल्या, इथलं रजिस्ट्रेशन दाखवा. नोंद राज्यापुरती असते हे मला त्या काउंटरवर कळलं. त्यांनी तोड काढली: असिस्टंट म्हणून राहा, पगार निम्मा. राहिले. काम तेच, सलाईन लावायची, इंजेक्शनं द्यायची. फक्त ड्रग चार्टवर सही करायची वेळ आली की दुसऱ्या सिस्टरना हाक मारायची. इंजेक्शन मी दिलं आणि सही तिची. दोन महिने हे चाललं. एका रात्री एका म्हातारबाबांना औषधाची रिअ‍ॅक्शन आली, अंगभर पित्त उठलं. ते अर्ध्या तासात सावरले, पण चार्टवर ज्या पोरीची सही होती तिचा चेहरा मी पाहिला. दुसऱ्या दिवशी गेले नाही. चूक माझी नव्हती, तिचीही नव्हती, पण कागदावर ती तिची झाली असती. उरलेली अडीच वर्षं मी क्वार्टरमध्ये होते.

मग २०१६ ला हे पुन्हा फील्डला गेले. फील्डला फॅमिली नेता येत नाही. फौजेने वेगळ्या राहणाऱ्या कुटुंबांसाठी काही स्टेशनांवर क्वार्टर ठेवली आहेत, एसएफए म्हणतात त्याला. मी घेतलं नाही. मी गावी परतले, कारण गावी मी नर्स होते. पहिल्याच नाइटला जुलाबांनी सुकलेलं दीड वर्षाचं पोर आलं, डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. अडीच वर्षं मी कुणाला सुई लावली नव्हती. पिवळं इंट्राकॅथ (सलाईनची बारीक सुई) हातात घेतलं आणि शीर दिसेना. बाई रडत होती, बाप बॅटरी धरून उभा. मी डोळे सरळ मिटले आणि मनगटामागे बोट फिरवलं. लागली. टेप लावताना माझा हात थरथरत होता, तो मी बापापासून लपवला. तेव्हापासून मला एक गोष्ट कळली आहे. आमच्या घरात हिशोब उलटा आहे. नवरा घरी असला की मी बेकार, नवरा बर्फात गेला की माझी नोकरी सुरू. लग्नाला सोळा वर्षं झाली, तिन्ही पीस स्टेशनं मिळून सात-आठ वर्षं एकत्र राहिलो. त्यात मी काम केलं जेमतेम दोन वर्षं.

दुसऱ्या पीस स्टेशनला २०१९ च्या ऑक्टोबरात पोहोचलो. ह्या वेळी मी शहाणी होते. सामान लावायच्या आधी अर्जाच्या मागे लागले. प्रतिज्ञापत्र, फोटो, फी, सगळं जानेवारीत गेलं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि दोन राज्यांची ऑफिसं बंद झाली, माझी फाइल कुठेतरी मधे. त्यात कुणाचा दोष काढू? पण तो काळ आठवा. शहरातल्या कोविड सेंटरांना नर्स मिळत नव्हत्या, लोक फोनवर हात जोडत होते. मी स्वतः तीन ठिकाणी फोन केला. "रजिस्ट्रेशन नंबर?" "प्रोसेसमध्ये आहे." "आला की कळवा सिस्टर." मी आमच्या ब्लॉकमध्ये ऑक्सिमीटर घेऊन वरखाली फिरत राहिले. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी वहिनींच्या सासूबाई 'थकलेय नुसती' म्हणत होत्या, बोटावर ८६ आलं, त्यांना एमएचला (मिलिटरी हॉस्पिटलला) पाठवलं, वाचल्या. तेवढंच. माझा नंबर आला जून २०२१ मध्ये. दुसरी लाट ओसरली होती. सात महिने काम केलं आणि ट्रंका काढल्या.

लोक हमखास विचारतात, एमएचमध्ये का लागत नाही तुम्ही? मिलिटरी हॉस्पिटलातल्या सिस्टर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या कमिशन्ड अधिकारी असतात, लेफ्टनंटपासून सुरुवात. हवालदाराची बायको जीएनएम आहे म्हणून तिथे उद्या रुजू होते, असं नसतं.

आता स्कूटरचं. २०१३ ला ह्यांची मोटरसायकल घेऊन दुसऱ्या राज्यात गेलो तेव्हा तिचे हाल माझ्यासारखेच होते. बारा महिन्यांच्या वर गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची तर आरटीओची एनओसी, नवा नंबर, नवा टॅक्स. मग २०२१ च्या सप्टेंबरपासून सरकारने गाड्यांच्या नंबरांची बीएच (भारत) मालिका आणली, बदलीच्या नोकरीतल्या लोकांसाठीच, त्यात फौजी आले. २०२२ ला मला ड्यूटीला जायला स्कूटर घेतली ती ह्यांच्या ओळखपत्रावर, बीएच नंबरची. आधी २२, मग बीएच, कुठल्याच राज्याचं नाव नाही. २०२४ ला ती आमच्याबरोबर तिसऱ्या राज्यात आली आणि पहिल्या दिवसापासून रस्त्यावर धावली. तिच्यावर बसून ज्या हॉस्पिटलात काम मागायला गेले, तिथे मी पाच महिने दाराबाहेर होते.

मी चिडून लिहीत नाहीये. म्हणजे, चिडले आहेच, पण मला त्यातली दुसरी बाजूही दिसते. आमच्यामागे फिरणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. बदलीच्या नोकरदारांच्या मुलांसाठी केंद्रीय शाळांची योजना १९६३ मध्ये सुरू झाली, रेजिमेंटच्या वीस शाळा घेऊन. आज माझी मोठी त्या शाळांपैकी चौथ्या शाळेत जाईल. ती दहावीला आहे. सीबीएसईची नोंदणी नववीतच झालेली, तरी वडिलांच्या बदलीचा कागद दाखवला की बोर्ड शाळा बदलू देतं. माझं मतसुद्धा माझ्यामागे येतं. जवानाबरोबर राहणाऱ्या बायकोला सेवा मतदार म्हणून गावच्या यादीत नाव ठेवता येतं, मतपत्रिका ऑनलाइन येते आणि टपालाने परत जाते. २०२१ ला कायद्यात 'पत्नी'च्या जागी 'जोडीदार' असा शब्दही घातला, म्हणजे लष्करातल्या बायकांच्या नवऱ्यांचीही सोय झाली. पीएफचा यूएएन नंबर २०१४ पासून एकच. माझा पीएफ तीन राज्यांतून फिरून एकाच खात्यात बसला आहे, रक्कम किती ते विचारू नका.

आणि नर्सचंही कुणी केलंच नाही असं नाही. भारतीय परिचर्या परिषदेने आधारशी जोडलेला राष्ट्रीय क्रमांक दिला आहे, माझ्याकडे आहे तो. २०२३ ला संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा केला, त्यात देशपातळीवरच्या नोंदवहीची तरतूद आहे. कायदा वाचून मला वाटलं, सुटलो. पण राज्य बदललं की राज्याची नोंद करण्याचं माझं काम अजून संपलेलं नाही. राष्ट्रीय क्रमांक फाइलीत पहिल्या पानावर लावते, आणि त्याच्यामागे तीच जुनी कागदं.

परवा खालच्या क्वार्टरमधली मुलगी वर आली. नांदेडकडची, बी.एस्सी. नर्सिंग, लग्नाला वर्षही झालं नाही. हातात प्लॅस्टिकची फाइल, नवी कोरी. "ताई, इथं काम मिळतंय म्हणं, दाखवू का सर्टिफिकेट?" मी बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, मधेच म्हणाली, "मग तोवर मी काय करू?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी २०१३ ला दिलेलं उत्तर होतं: असिस्टंट म्हणून राहा. ते मी तिला दिलं नाही. हे पत्र खरं तर त्या दिवशी डोक्यात आलं, परिचारिका दिनाचं पान निमित्त झालं.

दिल्लीचं काय व्हायचं ते होवो. महाराष्ट्राने स्वतःपुरतं एक करावं, आणि ते आजही करता येण्यासारखं आहे. आपल्याकडे खडकी, देवळाली, अहिल्यानगर, कामठी, छत्रपती संभाजीनगर, कुलाबा अशी मोठी लष्करी आणि नौदलाची ठाणी आहेत. तिथे दर उन्हाळ्यात देशभरातून कुटुंबं उतरतात. त्यांच्यात केरळच्या, पंजाबच्या, हिमाचलच्या, मणिपूरच्या नर्स असतात. त्याही क्वार्टरमध्ये बसून आहेत, माझ्यासारख्या. नवऱ्याची (किंवा बायकोची) पोस्टिंग ऑर्डर आणि मूळ राज्याची चालू नोंद दाखवली की पंधरा दिवसांत तात्पुरता परवाना द्या, त्या पोस्टिंगपुरता. पडताळणी मागाहून होत राहील. राष्ट्रीय क्रमांक हाताशी आहे, त्यावरून नाव खरं की खोटं कळायला पंधरा दिवसही नकोत. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, कागद तपासायलाच हवेत, हे मला मान्य आहे. बोगस नर्स मीही बघितल्या आहेत, त्यांच्यामुळेच आमच्यावर ही पाळी येते. पण तपासणं आणि बसवून ठेवणं ह्यात फरक आहे. मोठीने फोनवर शोधून दाखवलं की अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये असा कायदा झाला: बदलीची ऑर्डर असली की सैनिकाच्या जोडीदाराचा व्यवसाय-परवाना नव्या राज्यात चालतो. त्यांची पन्नास राज्यं आहेत, आपली अठ्ठावीस.

महाराष्ट्राने दार उघडलं की आमचे मंत्री, आमदार, खासदार दुसऱ्या राज्यांकडे हक्काने मागू शकतील: आम्ही तुमच्या सुनांना घेतो, तुम्ही आमच्या घ्या. आत्ता आपण मागायचं कुठल्या तोंडाने?

माझ्यासाठी म्हणाल तर उशीर झाला आहे. ह्यांची ही शेवटची पोस्टिंग, पेन्शनला दोन वर्षं. हे म्हणतात, "आता कशाला धडपडतीस, बस की निवांत दोन वर्षं." ह्यांचं म्हणणं प्रेमाचं असतं, पण २००८ ची नर्स मुलाखतीत 'अनुभव' ह्या रकान्यात काय लिहिते ते ह्यांनी पाहिलेलं नाही. तिसऱ्या स्टेशनला मला फ्रेशरच्या पगारावर घेतलं होतं, मधल्या गाळलेल्या वर्षांमुळे. माझ्या हाताखाली आलेल्या पोरींपेक्षा पाचशे रुपये जास्त, ते मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही बोलते म्हणून. मी चौथ्या राज्यात अर्ज करणार आहे. ट्रंका ट्रकवर चढायच्या आधी कागद निघालेला असेल.

कुणा वाचकाच्या घरी अशी सून किंवा मुलगी असेल तर तिला सांगा: पोस्टिंगचा सुगावा लागला की त्याच आठवड्यात एनओसीला अर्ज कर, क्वार्टर मिळायची वाट बघू नको. मूळ नोंदीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं, ते परराज्यात असताना संपू देऊ नको. प्रत्येक हॉस्पिटल सोडताना अनुभवाचं पत्र त्याच दिवशी हातात घे, 'पोस्टाने पाठवू' म्हटलं तर उठू नको. आणि फाइल ट्रंकेत टाकू नको, पर्समध्ये ठेव. माझी एकदा ट्रंकेत गेली होती, ट्रंक आमच्यानंतर एकोणीस दिवसांनी आली.

आपली,
एक परिचारिका

ता. क. पत्र छापलंत तर खाली पत्ता देऊ नका. अंक निघेपर्यंत तो बदललेला असेल.